तीन बोटांचं घराणं

लग्न होऊन मी कासारवाडीला आले तेव्हा त्या दोन खोल्यांत माझ्या आधीच एक जण राज्य करत होता. कोंबडा. असील जातीचा, काळ्या-तांबड्या पिसांचा, मान ताठ केली की माझ्या गुडघ्याच्या वर पोचणारा. मी माप ओलांडून आत पाऊल टाकलं आणि तो कोपऱ्यातून तडक माझ्या अंगावर आला. नव्या लुगड्याच्या निऱ्यांतून त्याने माझ्या घोट्याचं रक्त काढलं. बायका किंचाळल्या. आमचे हे मात्र कौतुकाने म्हणाले, "ओळख करून घेतोय गं."

नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती आणि आता लिहितानाही हात अडतो, म्हणून इथेही ते 'हे'च राहतील. फक्त राग आला की मी मनातल्या मनात त्यांना 'नवरा' म्हणायची आणि सरळ एकेरीवर यायची. त्या वर्षी मी बराच काळ एकेरीवरच होते.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. पिंपरीच्या माळावर नवे कारखाने उभे राहत होते, रोज कुठे ना कुठे सुरुंग उडायचा, आणि आमच्यासारखी सोलापूर-नगरकडची माणसं रेल्वे लायनीच्या कडेने बैठ्या चाळींत येऊन राहिली होती. हे एका कारखान्यात फिटर होते, पण टेंपररी. कायम व्हायचं तर परीक्षा द्यावी लागे. ती परीक्षा मला इतक्यांदा समजावून सांगितली गेली होती की माझीच पाठ झाली होती. लोखंडाच्या जाड पट्टीत एक चौकोनी खिडकी कापायची. दुसरा एक चौकोनी तुकडा कानशीने घासायचा आणि त्या खिडकीत बसवायचा. मग साहेब तो जोड उजेडापुढे धरणार. फटीतून केसाएवढा उजेड दिसला तरी नापास. कायम झालं की राहायला क्वार्टर, आजारपणात रजा, आणि उद्या काढून टाकतील ही रोजची धास्ती संपली. मला दिवस गेले होते. बाळ येण्याआधी हे कायम व्हावेत, एवढंच मागणं मी त्या दिवसांत देवाकडे मागत होते.

हात मात्र यांचा सोन्यासारखा होता, ते मान्य करायलाच हवं. डोळे मिटून लोखंडावरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, इथे जरा उंच आहे. बघायला गेलं तर डोळ्याला काही दिसायचं नाही. आणि तीच बोटं संध्याकाळी घरी आली की कोंबड्याचं अंग चोळायला लागायची. त्याला भिजवलेले बदाम, तुपात मळलेले कणकेचे गोळे, आठवड्यातून एकदा खिमा. दिवस मला गेले होते आणि डोहाळे त्याचे पुरवले जात होते.

हा कोंबडा यांनी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या चाचांकडून पिल्लू असताना आणला होता. चाचांना झुंजीच्या कोंबड्यांचा जुना नाद. असील म्हणजे ज्याच्या रक्तात भेसळ नाही, असं ते सांगायचे, आणि त्याचा बाप कुठल्या मैदानात मेला, आजा हैदराबादहून कसा आणला होता, आजीने कुणाचा डोळा फोडला होता, हे सगळं तोंडपाठ म्हणून दाखवायचे. ते ऐकून यांचा ऊर भरून यायचा. माझ्या माहेरची एवढी चौकशी यांनी कधी केली नव्हती.

रविवारी माळावर झुंजी व्हायच्या. मी एकदाच पाहिली आणि पुन्हा जाणार नाही म्हणाले. दोन कोंबडे एकमेकांच्या माना पिरगाळतात, छातीवर उडून टाचेच्या काट्याने वार करतात. दमले की मालक त्यांना उचलून तोंडाने पाण्याचा फवारा मारतात, चोचीतलं रक्त ओठांनी शोषून घेतात आणि परत सोडतात. शोषून घेतात! त्याच तोंडाने नवरा घरी येऊन भाकरी खायचा. आमच्या कोंबड्याने त्या हंगामात एकाची मान मोडली, एकाला कायमचा आंधळा केला. चाळीतली पोरं त्याला वाट देत, आणि कुत्री तर त्याला बघून रेल्वेचे रूळ ओलांडून पलीकडे पळत.

माझा थोरला भाऊ चऱ्होलीच्या शाळेत मास्तर होता. रविवारी सायकलवरून माझ्याकडे जेवायला यायचा. अशाच एका रविवारी चुलीमागून उंदीर निघाला. मी लाटणं शोधतेय तोवर कोंबड्याने तो धरला. चोचीत पकडून दोनदा फरशीवर आपटला, एका पायाखाली दाबला आणि जिवंतपणीच त्याचं पोट उघडलं. उंदीर ओरडत होता. कोंबडा मधूनच मान वाकडी करून एका डोळ्याने आमच्याकडे बघायचा. त्या डोळ्यात राग नव्हता, मजा नव्हती, काहीच नव्हतं.

मी तोंड फिरवलं. दादा मात्र घास हातात धरून बघत राहिला आणि म्हणाला, "अगं, हा कोंबडा नाही. हा डायनासोर आहे."

हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दादाने मग जेवता जेवता सगळं सांगितलं. माणूस नव्हता तेव्हा पृथ्वीवर सरपटणाऱ्या प्राण्यांचं राज्य होतं. त्यांतले काही देवळाएवढे होते, तर काही कोंबडीएवढे, दोन पायांवर पळणारे. परदेशात चुन्याच्या दगडात त्या काळच्या एका प्राण्याचा ठसा सापडला आहे. अंगावर पक्ष्याची पिसं, पण तोंडात दात आणि मागे सरड्यासारखं हाडांचं शेपूट. त्यावरून काही विद्वान म्हणतात की पक्षी याच घराण्यातून आले. काही म्हणतात, नाही, दुसऱ्या शाखेतून आले. वाद चालू आहे.

जेवण झाल्यावर त्याने यांना कोंबडा धरायला सांगितला. पायावरचे खवले दाखवले. मग पंख उलगडला आणि पिसांच्या आत चाचपत म्हणाला, "हा हात आहे. आत तीन बोटं आहेत. त्या दगडातल्या प्राण्यालाही तीनच होती, पण प्रत्येकाला नख होतं."

"बाकीची दोन कुठे गेली?" मी विचारलं.

"पिढ्यान्‌पिढ्या बारीक होत गेली आणि संपली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं."

यांनी आपल्या हाताची ती दोन बोटं दुमडून बघितली आणि हसले. मग एकदम गंभीर झाले. "म्हणजे मेहुणे, याचा मूळ पुरुष राक्षस होता म्हणा."

"मूळ पुरुष नव्हे हो. ही उत्क्रांती आहे. तुमच्या-माझ्या घराण्यासारखं नसतं ते."

"तेच ते. केवढं जुनं घराणं!" यांचे डोळे चमकायला लागले होते. "मग सरडे, घोरपडी, मगरी, हे सगळे कोण याचे?"

"मगर त्यातल्या त्यात जवळची," दादा म्हणाला. "घोरपड फार लांबची. चुलत-चुलत भाऊबंद म्हणा."

एवढं शेवटचं वाक्य दादाने गिळलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण मास्तर माणूस, सोपं करून सांगायची खोड. आणि आमची माणसं अशी की नवा माणूस भेटला की नावाआधी कुळी विचारणार. लाखो-करोडो वर्षांची गोष्ट यांच्या कानातून आत गेली आणि कोंबड्याची वंशावळ होऊन बाहेर आली. चाचांची यादी हैदराबादला थांबत होती, यांची थेट राक्षसांपाशी पोचली. सोमवारी सकाळी कारखान्यात शिफ्ट सुरू व्हायच्या आत सगळ्या खात्याला कळलं होतं की फिटरचा कोंबडा डायनासोर घराण्यातला आहे.

आज माझ्या नातीकडे प्लॅस्टिकचे डायनासोर आहेत. तिच्या पुस्तकात लिहिलंय की पिसं असलेले डायनासोरच दगडांत सापडले आणि तो जुना वाद बहुतेक मिटला. ती मला विचारते, आजी, ते सगळे मेले कसे? मी म्हणते, बाई गं, कोण म्हणतं मेले? एक माझ्या स्वयंपाकघरात राहत होता.

तर आता या गोष्टीत मुकादम येतो. कारखाना उभा राहिला ती जमीन मुळात याच्या घराण्याची. जमीन गेल्यावर हा तिथेच बांधकामाला मजूर पुरवायला लागला. बांधावरून चुलतभावाशी याची इतकी वर्षं जुंपली होती की दोघांनी एकमेकांची डोकी फोडली होती. याच्या कपाळावर कुऱ्हाडीची खूण होती. शेवटी दोघांचीही जमीन कारखान्यात गेली, बांधासकट. आता भांडायला काही उरलं नव्हतं, तरी दोघं बोलत नव्हते. नव्या शेडसाठी माळ सपाट करताना मुकादमाच्या माणसांना वारुळात एक घोरपड सापडली. हातभर नव्हे, चांगली दीड-दोन हात लांब. ती त्याने मारली नाही, पोत्यात घालून ठेवली.

मग तो यांना गेटवर गाठून सगळ्यांदेखत म्हणाला, "फिटर, तुमचा कोंबडा लई मोठ्या घराण्यातला हाय म्हनं. व्हय का?"

"हो तर."

"मंग त्येचा भाऊबंद माझ्याकडं पोत्यात हाय. येऊ द्या की रविवारी. होऊन जाऊ द्या भाऊबंदकी."

सगळे खो खो हसले. हे हसले नाहीत. घरी येऊन म्हणाले, "रविवारी लढत आहे," आणि कोंबड्याला बदाम घातले.

परीक्षा पुढच्याच आठवड्यावर आली होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, डोकं फिरलंय का तुमचं? परीक्षा तोंडावर आहे, तुमच्या हाताला काही लागलं तर? हे शांतपणे म्हणाले, "लढणार तो आहे. माझ्या हाताचा काय संबंध?" मी हातातली परात आपटली. ते उठून चाचांकडे गेले, तर चाचांनीही झिडकारलं. "बेटा, मुर्गा मुर्ग्यासंगं लढतो. तिथं हार आहे, जीत आहे, इज्जत आहे. ह्या जनावरासंगं काय आहे? मी येणार नाही, आन् तू पन जाऊ नको." हे तिथूनही उठून आले. यांना कुणाचंच ऐकायचं नव्हतं. साऱ्या खात्याने हसून घेतलं होतं ना!

रविवारी दादा आला तेव्हा हे आधीच गेले होते. मी दादाला म्हणाले, तू लावलीस ही आग, आता तूच चल विझवायला. पोट सांभाळत मी त्याच्यामागून माळावर गेले. नव्या शेडच्या पायासाठी खणलेला एक खड्डा होता, कंबरभर खोल, चहूबाजूंनी माणसं. मी एकटीच बाई. कुणी वाट देईना तेव्हा मी कोपरं मारत पुढे घुसले.

दादा काठावरून ओरडला, "अहो, थांबवा हे! घराणं-बिराणं काही नसतं त्यात!"

मुकादम मान हलवत म्हणाला, "मास्तर, तुमीच म्हनला न्हवं भाऊबंद? आन् भाऊबंदकी जितकी जुनी तितकी वाईट असती." आणि त्याने पोतं उलटं केलं.

घोरपड खड्ड्यात पडली आणि तशीच पडून राहिली, मळकट, धुळीच्या रंगाची. जीभ तेवढी आत-बाहेर. हे कोंबड्याला घेऊन खड्ड्याच्या कडेला बसले होते, त्यांनी त्याला सोडलं. कोंबड्याने मानेची पिसं फुलवली, एक पाय उचलून तसाच धरला आणि बाजूला सरत सरत तिच्याभोवती फिरायला लागला. घोरपडीने अंग फुगवलं आणि फुत्कार टाकला. आणि मी शपथेवर सांगते, क्षणभर दोघांचे पाय मला एकच दिसले. तेच खवले, तीच वाकडी नखं, ते मातीत रुतवणं. दादाने पुस्तकातून जे सांगितलं होतं ते माझ्या डोळ्यांसमोर खड्ड्यात उभं होतं, आणि वरून माणसं शिट्या मारत होती.

कोंबडा उडाला. टाचेचा काटा घोरपडीच्या डोळ्यात गेला आणि बाहेर आला तेव्हा डोळा राहिला नव्हता. लोकांनी आरोळी ठोकली. दुसऱ्यांदा तो उडाला तेव्हा तिने शेपूट फिरवलं. चाबूक ओढल्यासारखा आवाज झाला आणि कोंबड्याचा पाय मधोमध मोडला. तो एका पायावर उभा राहिला, पडला, पंखांनी रेटत परत तिच्यावर गेला. तिने मान लांब केली आणि त्याची मांडी जबड्यात धरली. मग ती मागे मागे सरायला लागली, त्याला ओढत. तो ओढला जाता जाता तिचं डोकं फोडत होता. चोच बसली की रक्त उडायचं. कुणाचं कुठलं ते कळत नव्हतं.

"थांबवा! हरलो मी, थांबवा!" हे ओरडले. पण खड्ड्यात थांबवणार कुणाला? हे आत उतरले. मी हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत, नावाने हाक मारली. त्यांनी मागे बघितलं नाही. गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी तिचा जबडा फाकवला, कोंबडा सुटला, आणि तिने यांचा उजवा हात धरला. करंगळीच्या बाजूने, पार तळव्यापर्यंत.

घोरपडीने धरलं की सोडत नाही, हे मी ऐकून होते. कुणी पाणी ओतलं, कुणी तिच्या नाकाशी पेटती विडी धरली, कुणी पहार घालून बघितली. दात आणखी आत जात होते. तिकडे कोंबडा एका पायावर फरफटत येऊन तिचा उरलेला डोळा फोडत होता, आणि त्या दुखण्याने ती आणखी आवळत होती. हे ओरडायचे थांबले. तोंड पांढरं पडलं. तेव्हा मुकादम कोयता घेऊन खाली उतरला. एका घावात त्याने तिचं डोकं धडावेगळं केलं. धड खड्डाभर उड्या मारत राहिलं. जबडा सुटला नाही.

"जबडा तोडल्याबिगर सुटायची न्हाई," तो म्हणाला. त्याने यांचा हात शेडच्या पायाच्या दगडावर ठेवला, दादाला धरायला सांगितला, आणि जबड्याच्या खोबणीवर नेम धरला. कोयता खाली येताना हे दचकले. हात बोटभर सरकला. जबडा तुटला, आणि त्याच्याबरोबर यांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दगडावर राहिलं.

दादाने धोतर फाडून हात बांधला. खडी वाहणारा एक ट्रक उभा होता, त्यात घालून यांना पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. माझी अवस्था बघून दादाने मला मागे ठेवलं. ट्रक सुरू झाला तेव्हा नवऱ्याने शुद्धीवर येऊन मला काय सांगितलं असेल? "त्याला सांभाळ गं. त्याला मरू देऊ नको."

बोटं गेली, परीक्षा गेली, पोटातलं पोर उघड्यावर पडलं, आणि याला कोंबड्याची काळजी! मी त्या ट्रकमागे दगड भिरकावला. खरंच भिरकावला. मग खड्ड्यात उतरून कोंबडा उचलला, लुगड्याच्या ओच्यात गुंडाळला आणि घरी आणला. त्याने वाटेत माझ्या मनगटाला दोनदा चावे घेतले.

अंगणात माझ्या चार कोंबड्या होत्या. त्याच्याच. त्यांना दाणा सापडला की तो आधी त्यांना हाक मारून बोलवायचा, एवढं एक चांगलं होतं त्याच्यात. मी त्याला पेरूच्या झाडाखाली ठेवलं आणि हळद आणायला आत गेले. परत येईपर्यंत त्यांतली पांढरी त्याच्याजवळ आली होती. तिने मान वाकडी करून मांडीवरच्या लाल जखमेकडे बघितलं आणि एक टोच मारली. मग दुसरी आली, तिसरी आली. मी धावले तोवर चौघींनी त्याला जिवंत सोलायला सुरुवात केली होती. तो आडवा पडून त्यांना चोच मारत होता आणि त्या बाजूला होऊन परत येत होत्या. मी लाथा घातल्या, केरसुणीने झोडपलं, त्या पंख फडफडवत दूर झाल्या आणि पुन्हा त्याच डोळ्याने बघत उभ्या राहिल्या. लाल दिसलं की राहवत नाही त्यांना, म्हणून जखमेवर डांबर फासतात. ते मला माहीत होतं, रस्त्यावरच्या पिंपातून मी डांबर आणलंही. पण फासायला चामडं राहिलं नव्हतं.

त्याला मरू न देण्याचा आता एकच अर्थ होता, त्याला त्यांच्या हाती मरू देऊ नये. मी विळी घेतली, पायाखाली दाबली आणि त्याची मान पात्यावर धरली. त्याने शेवटी माझ्याकडे बघितलं. तेच डोळे, मी घरात आले त्या दिवशीचे. मी म्हणाले, बस झालं आता, आणि हात ओढला.

एवढं मांस टाकायचं आमच्यात नव्हतं. गरम पाण्यात बुडवून मी पिसं काढली. मोठी पिसं निघाली, मग बारीक, आणि पंखाचा सांगाडा उघडा पडला तसा माझा हात थांबला. दादा म्हणाला होता तसाच. खांदा, कोपर, मनगट, आणि टोकाला तीन बोटं. एक अंगठ्यासारखं सुटं आखूड, बाकीची दोन एकमेकांना चिकटलेली. करंगळी नाही, तिच्या शेजारचं नाही. मी तिथेच भुईवर बसले आणि त्या पंखाचा हात हातात धरून मोठ्याने रडले.

दुसऱ्या दिवशी डब्यात रस्सा घेऊन मी रेल्वेने पुण्याला गेले. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. दादा उशाशी बसला होता. मी वाटी तोंडाला लावली. अर्धी वाटी संपल्यावर यांनी विचारलं, "कोंबडा कसा आहे?"

मला खोटं बोलायची सवय नाही. म्हणाले, "तुम्ही पिताय तो."

यांनी वाटी खाली ठेवली. मग डाव्या हाताने ती परत उचलली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मधे थांबले नाहीत.

मी पदराची गाठ सोडली. पंखाची हाडं मी उकडून, घासून, स्वच्छ करून आणली होती. ती त्यांच्या पांघरुणावर मांडली. "बघा. तीनच आहेत. त्याच्या घराण्याला दोन बोटं घालवायला कोट्यवधी वर्षं लागली, तुम्ही एका रविवारात उरकलंत."

दादा दचकून माझ्याकडे बघायला लागला. हे हाडांकडे बघत राहिले. पट्टीतून बाहेर आलेली तीन बोटं त्यांनी त्या हाडांशेजारी ठेवली. "मेहुणे," ते हळूच म्हणाले, "पक्षी या तीन बोटांवर उडतात?"

"यावरच सगळी मोठी पिसं असतात," दादा म्हणाला. "हो. यावरच."

हे दवाखान्यातून घरी आल्यावर मुकादम दारात येऊन उभा राहिला. "माझ्या हातनं झालं," एवढंच म्हणाला. मी तांब्या फेकून मारला, तो त्याच्या खांद्याला लागला. त्याने तो उचलून उंबरठ्यावर ठेवला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या साहेबांनी यांना बोलावून सांगितलं, फिटरचं काम आता विसर, गेटवर वॉचमन म्हणून बस, तेही टेंपररी. तेव्हा हाच मुकादम आगाऊपणे आत गेला. म्हणाला, "सायेब, तुमच्या खुर्चीखालची जागा माझ्या बापाची व्हती. मी कदी काय मागितलं न्हाई. या मानसाची परीक्षा तेवढी घ्या. नापास झाला तर झाला." साहेबांनी हाताची जखम भरेपर्यंत मुदत दिली.

चाचांनी आपल्या दुकानातला लोखंड पकडायचा वाइस काढून आमच्या अंगणात, त्या पेरूच्या झाडाखाली ठोकून दिला. कोंबड्याचं काम नसताना पहिल्यांदाच ते आमच्याकडे आले होते. कानशीची मूठ यांच्या तळव्यातून निसटायची, म्हणून मी लुगड्याच्या पट्टीने ती मनगटाला बांधायची. जखम उकलायची. लोखंडाचा भुगा रक्तात मिसळून काळा चिखल व्हायचा. हे ओरडायचे, कानस फेकायचे, एकदा तर वाइसवर डोकं आपटून घेतलं. मी कानस उचलून परत बांधायची. कोंबड्या लांब उभ्या राहून त्या रक्ताकडे एका डोळ्याने बघायच्या. मी त्यांना दगड मारायची. हाडं खिडकीत ठेवलेली असायची, काम अडलं की हे तिकडे बघायचे.

परीक्षेच्या दिवशी माझे नऊ महिने भरत आले होते. मी दाराशी बसून होते, कण्या पाखडत, काही न पाखडत. दुपार टळल्यावर हे आले. चालण्यावरून काही कळेना. अंगणात येऊन त्यांनी खिशातून लोखंडाची पट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. चौकोनात चौकोन बसलेला होता. पट्टीच्या एका कोपऱ्यावर रक्ताचा डाग होता.

"साहेबांनी दिली ठेवायला," ते म्हणाले. "कायम झालो."

मी ती नुसती मांडीवर धरून बसले.

"अगं, बघ तरी. उन्हापुढे धर. उजेड येतोय का कुठून?"

मी ती पट्टी दोन्ही हातांनी उचलून सूर्यापुढे धरली. माझ्या डोळ्यांतून इतकं पाणी वाहत होतं की मला ना चौकोन दिसत होता ना ऊन. हे माझ्या बाजूला उभे होते. त्यांचा तीन बोटांचा हात माझ्या खांद्यावर होता.

"नाही हो," मी म्हणाले. "कुठूनच नाही."